दारातलं होहोबाचं झुडूप: बी खाल्लं तर चालतं का?

कोरडा_ओढा
नमस्कार मंडळी. टूसॉनला (अ‍ॅरिझोना) राहायला येऊन अकरा महिने झाले. घराच्या मागे हिरवळ नावाला नाही. खडी, एक सग्वारो (उंच खांबासारखा निवडुंग), एक पालो वेर्दे (हिरव्या सालीचं वाळवंटी झाड) आणि फाटकाच्या दोन बाजूंना दोन राखाडी-हिरवी झुडपं, माझ्या छातीएवढी. सुरुवातीचे सहा महिने मी त्यांना कुंपणाचाच भाग समजत होतो.

मग एकदा भर दुपारी कचरा टाकायला गेलो तेव्हा लक्षात आलं की झुडूप एवढं दाट, पण त्याची सावली अगदीच विरळ. वाकून बघितलं तर पानं सगळी उभी. दोन-दोन समोरासमोर, जाड, चामड्यासारखी, नमस्कार करून उभी असल्यासारखी. माथ्यावरच्या उन्हाला पानाची नुसती कड दिसते. ४२ अंशांत मलाही असं कडेने उभं राहता आलं असतं तर बरं झालं असतं.

आता मुद्दा. गेल्या आठवड्यात त्यातल्या एका झुडपाखाली तपकिरी बिया पडलेल्या दिसल्या. शेंगदाण्यापेक्षा थोड्या मोठ्या, सुरकुतलेल्या, दुरून कॉफीच्या बीसारख्या. वरचं वाळकं बोंड तीन फाकांत उकललेलं आणि आत बहुतेक ठिकाणी एकच बी. एक फोडून खाल्लं. आधी अक्रोडासारखं लागलं, मग कडवट, आणि मग मेणबत्ती चावल्यासारखा एक थर टाळूला चिकटून बसला तो चहा प्यायल्यावरही जाईना. खात्री करायला आणखी दोन खाल्ली. फोनवर फोटो टाकला तर उत्तर आलं: जोजोबा. म्हणजे आमच्या हिच्या शांपूच्या बाटलीवर असतं तेच!

तर हे खाण्याचं आहे का? खात असतील तर कसं? आणि दुसऱ्या झुडपाला एकही बी नाही. दर दोन महिन्यांनी येणारा माळी म्हणतो ते काढून टाकू, फुकट पाणी पितंय. तुम्हाला काय वाटतं?

प्रश्नचिन्ह
आधी तीन खाल्ली आणि मग विचारताय? क्रम चुकला की हो. तब्येत कशी आहे?

कोरडा_ओढा
ठणठणीत. तीनच होती.

वनस्पतीवेडी
सगळ्यात आधी: दुसरं झुडूप काढू नका!! तो नर आहे.

होहोबात (म्हणजे तुमच्या फोनवरच्या जोजोबात) नर आणि मादी झाडं वेगळी असतात. नराला पिवळट फुलांचे झुबके येतात. मादीचं फूल फिकट हिरवं, घंटेसारखं, खाली मान घातलेलं. पाकळ्या दोघांनाही नाहीत, कारण मधमाशीला बोलवायचंच नाहीये, परागकण वाऱ्यावर जातात. ती उभी पानंही या कामात मदत करतात. त्यांच्यावर आपटून वारा असा वळतो की परागकण लोंबत्या मादीफुलाकडे जातात. तुमचा माळी ज्याला फुकट्या म्हणतोय त्याच्या जिवावर पलीकडचं झुडूप धरतंय. आसपास दुसरा नर नसेल तर पुढच्या वर्षी बिया विसरा.

खाण्याबद्दल रात्री लिहिते, ते जरा सविस्तर लिहावं लागेल.

हेमाडपंत
तोपर्यंत नावाचं बघून घेऊ. उच्चार होहोबाच. ओ'ओधाम या तिथल्या मूळ रहिवासी लोकांचा मूळ शब्द होहोवी, तो स्पॅनिश लिपीत गेला, तिथे जे अक्षर 'ह' म्हणून वाचतात ते आपण 'ज' म्हणून वाचलं आणि जोजोबा झाला. आता बाटलीवर तेच छापून येतं, त्यामुळे तक्रार करण्यात अर्थ नाही.

खरी गंमत शास्त्रीय नावात आहे. सिमंड्सिया चायनेन्सिस. चायनेन्सिस म्हणजे चीनचं. या झुडपाचा चीनशी काडीचा संबंध नाही. सोनोरन वाळवंट, म्हणजे अ‍ॅरिझोना, दक्षिण कॅलिफोर्निया, मेक्सिकोतलं सोनोरा आणि बाहा कॅलिफोर्निया, एवढंच याचं माहेर. नमुन्याच्या चिठ्ठीवर कॅलिफोर्निया आखूड करून लिहिलेलं होतं, ते जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ लिंक याने चायना असं वाचलं, अशी कथा सांगतात. पुढे १८४४ मध्ये नटॉल या वनस्पतिशास्त्रज्ञाने याला सिमंड्सिया कॅलिफोर्निका असं शहाण्यासारखं नाव दिलं होतं. पण आधीचं नाव टिकवायचा नियम, त्यामुळे चीन तसाच चिकटून राहिला. सातबाऱ्यावर एकदा चुकीचं नाव चढलं की काय होतं हे आपल्याला सांगायला नको.

ताम्हण
सातबारा :) :)
वाचते आहे. वनस्पतीवेडी ताई, रात्र झाली.

वनस्पतीवेडी
आले. चहा घेऊन बसले आहे, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

'खाता येतं' आणि 'अंगी लागतं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि होहोबा हे त्याचं उत्तम उदाहरण. बीच्या वजनातला जवळजवळ निम्मा भाग तो स्निग्ध पदार्थ असतो. त्याला सगळे तेल म्हणतात, पण ते तेल नाहीच. शेंगदाणा, करडई, तीळ, कशाचंही तेल घ्या, त्यात ग्लिसरॉलच्या एका कण्याला तीन मेदाम्लं लटकलेली असतात. आपल्या आतड्यातले पाचकरस ती तोडतात आणि आपण जाड होतो. होहोबात तो कणाच नाही. एक लांब मेदाम्ल आणि एक लांब अल्कोहोल यांची थेट गाठ, सगळी मिळून साधारण ४० ते ४२ कार्बनची सरळ साखळी. रसायनशास्त्रात याला मेण म्हणतात. फक्त हे मेण नेहमीच्या तापमानाला पातळ राहतं. आपल्या पाचकरसांना ती गाठ नीट सुटत नाही, त्यामुळे जे खाल्लं ते बरंचसं तसंच पुढे सरकतं. कोरडा_ओढा, तुमच्या टाळूला जो थर बसला तो हाच. तीन बियांना काही होत नाही. मूठभर खाल्ल्या असत्यात तर धाग्याचा विषय बदलला असता.

दुसरी गोष्ट, त्यात सिमंड्सिन नावाचं द्रव्य असतं. त्याने भूक मरते. मेण काढून घेतल्यावर उरलेली पेंड जनावरांना घालू पाहिली, तर जनावरं खाणं कमी करतात, खंगतात. जास्त प्रमाणात ते विषारीच. त्यामुळे प्रथिनं भरपूर असूनही पेंड थेट चारा म्हणून चालत नाही.

आणि आता जुन्या लोकांकडे बघा. त्या भागातले शिकारी लांबच्या वाटेवर भूक मारायला या बिया चघळत. सिमंड्सिनचं नाव तेव्हा कुणाला माहीत होतं? पण परिणाम माहीत होता. सोनोराच्या किनाऱ्यावरचे सेरी लोक, जे आपल्या मुलखातली जवळजवळ प्रत्येक खाण्याजोगी वनस्पती खातात, ते होहोबाला खरं अन्न मानत नाहीत. अगदीच अडचण आली तरच. मला हे फार आवडतं. ज्यांचं आयुष्य त्या वाळवंटावर चाललं त्यांनी प्रयोगशाळेशिवाय दिलेला निकाल आहे हा.

आजीची_फोडणी
भाजून, खलबत्त्यात कुटून, लसूण-तिखट घालून? कारळ्याचीही चटणी आधी कडूच लागते.

वनस्पतीवेडी
भाजल्याने कडवटपणा थोडा कमी होईल, मेण कुठे जाणार? पांढऱ्या वसाहतकऱ्यांनी बिया भाजून कॉफीऐवजी उकळून प्यायल्यात, तेवढंच. बाकी कुटायचं तर अंगाला लावायला. बाहा कॅलिफोर्नियात १८व्या शतकात जेझुइट पाद्र्यांनी बघून ठेवलंय की लोक बिया गरम करून मऊ करतात, वाटतात आणि लोण्यासारखा लगदा केसांना, कातडीला चोपडतात. ओ'ओधाम लोक भाजलेल्या जागेवर याचा लेप लावत. म्हणजे बाटलीवाल्यांनी नवीन काही शोधलं नाही.

आजीची_फोडणी
माझ्याकडे केसांना लावायची शुद्ध होहोबाची बाटली आहे. ते मेण आहे हे घरी कसं पडताळायचं?

वनस्पतीवेडी
फ्रिजमध्ये ठेवून बघा. साधारण १० अंशांच्या खाली ते गोठायला लागतं.

आजीची_फोडणी
ठेवली. रात्री साडेदहाला ठेवलेली, सकाळी सातला काढली. बाटली उलटी केली तरी हललं नाही, फिकट पिवळं, रवाळ, साजूक तुपासारखं. ओट्यावर ठेवून पोळ्या करायला घेतल्या. तिसऱ्या पोळीला कडेने सुटायला लागलं, कणीक संपेपर्यंत पुन्हा पातळ. नवऱ्याने तूप समजून चमचा घातला होता, वेळेवर ओरडले म्हणून वाचला.

हेमाडपंत
पण खोबरेल तेलही गोठतं, आणि ते मेण नाही. तेव्हा गोठलं म्हणून मेण ठरलं असं नाही. फार तर बाटलीत पातळ खनिज तेल भरलेलं नाही एवढं कळलं.

आजीची_फोडणी
तुम्ही आमच्या घरी येऊ नका.

वनस्पतीवेडी
हेमाडपंतांचं बरोबर आहे, मी घाईत लिहिलं. त्यातल्या त्यात घरगुती खूण म्हणजे वास. साधं तेल जुनं झालं की खवट होतं. होहोबा वर्षानुवर्षं खवट होत नाही. पण ही परीक्षा द्यायला फारच सबुरी लागेल.

गिअरबॉक्स
इतका वेळ गप्प होतो, पण आता माझा विषय आला. या झुडपाचं नशीब उघडलं ते देवमाशामुळे.

स्पर्म व्हेल नावाचा जो दात असलेला मोठा देवमासा, त्याच्या डोक्यातल्या पोकळीत शेकडो लिटर तेल असतं. तेही असंच, मेणाच्या जातीचं. प्रचंड दाबाखाली आणि उष्णतेतही ते टिकतं, म्हणून बारीक यंत्रांच्या वंगणात आणि मोटारींच्या स्वयंचलित गिअरच्या तेलात ते घालत. १९७० मध्ये अमेरिकेने स्पर्म व्हेलला संकटग्रस्त यादीत टाकलं आणि आयात बंद झाली. वंगणवाल्यांची धावपळ उडाली. तेव्हा कुणाला तरी आठवलं की १९३३ मध्ये अ‍ॅरिझोना विद्यापीठात एका जंगली झुडपाच्या बीतलं तेल तपासलं होतं आणि ते मेण निघालं होतं. जवळपास ४० वर्षं त्या माहितीचं कुणी फारसं काही केलं नव्हतं.

मग एकदम जत्रा. १९७२ मध्ये टूसॉनलाच होहोबावरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद झाली, सान कार्लोस या मूळ रहिवाशांसाठी राखलेल्या प्रदेशातले अपाची लोक रानातून बिया गोळा करायला लागले, आणि १९७५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने कोरड्या प्रदेशाचं आशादायक नवं पीक म्हणून अहवाल काढला. देवमासा समुद्रात, झुडूप वाळवंटात, आणि दोघांच्या पोटात जवळपास एकच रसायन. मला अजून याचं आश्चर्य वाटतं.

कोरडा_ओढा
गिअरबॉक्स, तुमचा प्रतिसाद वाचून काल संध्याकाळी शेजारच्या आजोबांना विचारलं. वय ८१, जन्म इथलाच. होहोबा म्हटल्यावर इतके हसले की खोकला लागला.

१९८० च्या आसपास त्यांच्या वडिलांनी कुठल्याशा होहोबा भागीदारीत पैसे घातले होते. तेव्हा दंतवैद्यापासून शाळामास्तरापर्यंत सगळे घालत होते म्हणे, कारण मळ्यातला तोटा उत्पन्नातून वजा दाखवता यायचा. झाड जगतं शंभराहून जास्त वर्षं, पाणी जेमतेम, तेल सोन्याच्या भावाने, असा हिशेब. आजोबा तेव्हा तिशी-पस्तिशीतले. वडिलांबरोबर मळा बघायला गेले. मैलभर सरळ ओळी, गुडघ्याएवढी रोपं. तीन-चार वर्षांनी फुलं आली तेव्हा कळलं की निम्मी झाडं नर. बी पेरून केलेली लागवड, फूल येईपर्यंत नर-मादी ओळखायची सोय नाही. मग नर उपटले, तिथे पुन्हा पेरलं, त्यातले पुन्हा निम्मे नर! एका हिवाळ्यात हिम पडलं, कळ्या गेल्या. पाणीही जेमतेम पुरेना, कारण जगायला थोडं पाणी लागतं पण पैसे मिळण्याइतकं पीक द्यायला बरंच लागतं. वडिलांनी शेवटी कागद एका खोक्यात घालून माळ्यावर टाकले. खोकं अजून आहे.

आजोबांचं वाक्य: "आम्ही वाळवंटातून पैसे काढायला गेलो, वाळवंटाने आमचे काढले."

प्रश्नचिन्ह
म्हणजे आपल्याकडच्या सागवान योजनांचा थोरला भाऊ. फक्त सागाला नर-मादी नसतं, तिथे माणसंच पळून गेली.

गिअरबॉक्स
:) पण पीक पूर्ण बुडालं नाही हेही सांगायला हवं. आता चांगल्या मादीच्या फांद्या लावून रोपं करतात, त्यामुळे नर किती आणि कुठे हे आधीच ठरवता येतं. इस्रायल, अर्जेंटिना, पेरू इथे मोठे मळे आहेत. राजस्थानातही फतेहपूर आणि ढंड इथे लागवड झाली. फक्त गिअरच्या तेलापेक्षा माल जातो तो सौंदर्यप्रसाधनांत. चेहरा घासायच्या मलमात प्लॅस्टिकचे बारीक मणी असत, त्यांच्यावर अमेरिकेत २०१५ च्या कायद्याने बंदी आली. त्यांच्याजागी घट्ट केलेल्या होहोबा मेणाचे मणी वापरता येतात.

रानमेवा
राजस्थानचा विषय निघालाच आहे तर, वाळवंटी झुडपाची बी मनापासून खायची असेल तर कुमट खा. पंचकुट्याच्या भाजीत केर-सांगरीबरोबर असते ती चपटी बी. भिजवून, उकळून, तेल-मसाल्यात. तिची होहोबाशी तुलनाच नाही.

मी फिनिक्सला असतो. आमच्याकडे शनिवारी टेकड्या चढताना हे झुडूप इतकं दिसतं की कुणी ढुंकून बघत नाही. ओ'ओधाम लोकांच्या जेवणात मान आहे तो मेस्कीटच्या शेंगांना. वेडी बाभूळ माहितीये ना, तिचीच चुलत भावंडं. शेंगा वाळवून पीठ करतात, गोडसर लागतं. कोरडा_ओढा, तुमच्या भागात मेस्कीट नक्की असेल, होहोबा सोडा आणि ते चाखून बघा. अंगणातलंच घ्या, राष्ट्रीय उद्यानातून उचलायच्या आधी तिथले नियम वाचा.

ताम्हण
मग होहोबाची बी खरोखर कुणीच खात नाही? झाडाने इतकं मेण साठवलंय कुणासाठी?

वनस्पतीवेडी
स्वतःच्या पिल्लासाठी! उगवणारं रोप ते मेण मोडून वापरतं, त्याच्याकडे त्याची किल्ली आहे. बीत साठा म्हणून तेलाऐवजी पातळ मेण ठेवणारी वनस्पती म्हणून हीच ओळखली जाते. हिच्या कुळातही ही एकटीच, एक कुळ, एक प्रजाती, वाळवंटात एकटी राहणारी म्हातारी.

पण एक चोर आहे. बेलीचा पॉकेट माउस म्हणतात, गालांना पिशव्या असलेला उंदीर. हे मेण पचवू शकणारा प्राणी म्हणून तेवढाच माहीत आहे, आणि सिमंड्सिननेही त्याचं काही बिघडत नाही. बाकीचे उंदीर ज्या पंगतीतून उठून जातात तिथे हा एकटा पान मांडून बसतो. गालात बिया भरायच्या, बिळात नेऊन पुरायच्या. पुरून विसरल्या तर झुडूप उगवतं.

हरणं आणि हवेलिना (डुकरासारखा दिसणारा इथला प्राणी) पाला खातात, ती गोष्ट वेगळी.

कोरडा_ओढा
ताई, हे वाचलं आणि रात्री विजेरी घेऊन गेलो. झुडपाखाली संध्याकाळी मी २६ बिया मोजून एका ताटलीत ठेवल्या होत्या. साडेनऊला १९. पावणेअकराला ४. उंदीर कोणता होता ते सांगता येणार नाही, एक करडी शेपटी तेवढी खडीवरून सळकन गेली. सकाळी ताटली रिकामी. बाजूला एक बोंड पडलं होतं, आतलं बी काढून घेतलेलं, अगदी स्वच्छ.

आजीची_फोडणी
पाहुण्याने ताट चाटूनपुसून संपवलं. आमच्याकडे असं कुणी जेवत नाही.

प्रश्नचिन्ह
माळ्याचं काय झालं? नर वाचला का?

कोरडा_ओढा
तीच बातमी द्यायची होती. माळी आज सकाळी येणार होता आणि मला ऑफिसला जायचं होतं. म्हणून काल रात्री नर झुडपाला लाल फीत बांधून ठेवली, याला हात लावू नको या अर्थाने. घरी आलो तर मादी जशीच्या तशी. नर कमरेपर्यंत साफ छाटलेला आणि फीत गुंडाळून फाटकावर नीट ठेवलेली. फोन केला तर म्हणाला, खूण केलीत म्हणून तर कापलं.

वनस्पतीवेडी ताई, आता?

वनस्पतीवेडी
मुळासकट नाही ना काढलं? मग घाबरू नका. याचं मूळ खूप खोल जातं, खोड छाटलं तरी खालून फुटतं. कळ्या नव्या फुटीवर, पानांच्या बगलेत धरतात, आणि मग फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला फुलतात. तुमच्याकडचा पाऊस जुलैत सुरू होईल. तोपर्यंत आठवड्याला एकदा खोल पाणी द्या आणि नवी फूट येऊ द्या. यंदा झुबके कमी दिसतील, पण एका मादीपुरते पुरावेत.

आणि माळ्याला काय ते शब्दांत सांगा.

कोरडा_ओढा
पाणी सोडलंय. बारीकशी ठिबक आहे, तासभर चालू ठेवतो. शेजारचे आजोबा कुंपणापलीकडून बघत होते. म्हणाले, वडिलांच्या मळ्यात तुमचा हा माळी असता तर सगळे नर आधीच ओळखले असते.